जॉबरचा हात आणि साहेबाचे घड्याळ

व्यवस्थापन ही कला की शास्त्र, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बारावीतच भेटतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते: दोन्ही. तत्त्वे आहेत म्हणून शास्त्र. ती राबवायला हातोटी लागते म्हणून कला. एवढे लिहिले की गुण मिळतात, पण प्रश्न जागच्या जागीच राहतो. व्यवस्थापन कोण करतो, कोणावर करतो आणि त्याच्या बरे-वाईटाचा निवाडा कोणाच्या हाती असतो, हे या उत्तरात येतच नाही. म्हणून कला आणि शास्त्र दोन्हींचा प्रयोग जिथे प्रत्यक्ष झाला, त्या मुंबईच्या कापड गिरण्यांकडे पाहावे. तिथे सत्तर-पंचाहत्तर वर्षे कामगार सांभाळले गेले ते जॉबर नावाच्या माणसाच्या कसबावर. मग १९२७च्या सुमारास मोजमापाचे शास्त्र आले. त्या इतिहासातून माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो: ज्याला कला म्हटले गेले त्यातला मोठा भाग कोणी न तपासलेली सत्ता होती, ज्याला शास्त्र म्हटले गेले ते सोयीपुरते केलेले मोजमाप होते, आणि मोजल्या जाणाऱ्याला मापावर हरकत घेता येऊ लागली तेव्हाच दोन्हींना काही अर्थ आला.

कावसजी दावरांनी १८५४मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या त्या मॅनेजिंग एजंटांच्या पद्धतीने. कारभार पाहणारी पेढी व्यापारातली. तिचे लक्ष कापूस कधी घ्यावा, सूत कुठे विकावे यावर. यंत्रे लँकेशायरहून आली आणि त्यांच्याबरोबर खात्यांचे मास्तरही तिकडूनच आले. त्यांना रिंग आणि लूम कळत होते, पण रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेल्या माणसाची भाषा कळत नव्हती. मधली ही दरी जॉबरने भरली. माणसे आणणे, कामाला लावणे, कामावरून काढणे, रजा देणे, साचा बिघडला तर दुरुस्त करणे आणि खात्यातून ठरलेला माल काढून घेणे ही सगळी कामे त्याची. बायका काम करत त्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हेच काम नायकीण करी. मॅनेजरने हुकूम द्यायचा आणि तो कसा पार पडला याची चौकशी करायची नाही, असा हा सरळ व्यवहार होता.

जॉबरचे कसब खोटे नव्हते. दोन लूम सांभाळणाऱ्या विणकराचा दिवस म्हणजे अखंड लक्ष देण्याचे काम. धोट्यातली कांडी संपायच्या आत नवी भरायची, ताण्याचा एखादा धागा तुटला की लूम थांबवून गाठ मारायची, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या लूमवर काय चालले आहे तेही पाहायचे. लूमची ठोक जराशी बदलली तरी जॉबरला ते ऐकू येई आणि तो पाना घेऊन येई. त्याच्या रांगेतल्या लूमवर किती कापड निघाले यावर त्याची कमाई ठरत असल्याने हा कान त्याला ठेवावाच लागे. सकाळी भोंगा झाला की गैरहजर माणसांची गणती करून दारात उभ्या असलेल्या बदली कामगारांतून जागा भरायच्या, हेही त्याचेच काम. कोण कुठल्या साच्यावर चालेल, कोणाचा कोणाशी वाकडेपणा आहे, कोण शिमग्याला गावी गेला की महिनाभर येणार नाही, हे त्याला तोंडपाठ असे. बाजार चढला की माणसे वाढवायची, उतरला की कमी करायची, हे गिरणीला जमले ते या माहितीच्या जोरावर. ही माहिती कुठल्याही वहीत नव्हती. कला म्हणायला आणखी काय हवे?

पण या कलेचे पदर सोडवून पाहिले तर तीन निरनिराळ्या गोष्टी हाती लागतात. पहिली, यंत्राचे ज्ञान. ते खरे होते, पण शिकवता येण्याजोगे होते. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७मध्ये स्थापन झाली आणि तिथे कापड उद्योगाचे शिक्षण रीतसर मिळू लागले. दुसरी, माणसांची ओळख. तीही खरी, पण ती जॉबरच्या प्रतिभेतून आलेली नव्हती. तो त्याच गावचा, त्याच चाळीतला होता म्हणून आलेली होती. तिसरी गोष्ट म्हणजे सत्ता. नोकरी लावल्याबद्दल आणि टिकवल्याबद्दल जॉबर दस्तुरी घेई. वाण्याकडे उधारी मिळायला, सावकाराकडून कर्ज मिळायला, खोलीत जागा मिळायला त्याचा शब्द लागे. कित्येकदा सावकार तोच असे. ज्याच्या हाती माणसाची रोजीही आहे आणि उधारीही आहे, त्याचे म्हणणे ऐकले जाते यात कसलीच किमया नाही. वरून पाहणाऱ्या मॅनेजरला मात्र फक्त परिणाम दिसे: जॉबर म्हणेल तसे खाते चालते. कसे चालते ते पाहण्याची गरज नसल्याने त्याने त्याला जॉबरची हातोटी मानले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जॉबर इतका सर्वसत्ताधीश नव्हताच, असे राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. त्याला माणसे हवी असत; ती नाराज झाली तर दुसऱ्या जॉबरकडे जात; संपाची हवा असली तर त्यालाही कामगारांच्या मागे जावे लागे. १८९६मध्ये प्लेग आला, शहर रिकामे होऊ लागले, तेव्हा गिरण्यांमध्ये माणसांसाठी चढाओढ लागली आणि रोजच्या रोज मजुरी चुकवण्याची पाळी मालकांवर आली. त्या काळात भाव कामगारांचा चढला. हा आक्षेप मान्य केला तरी मूळ मुद्दा बळकटच होतो. जॉबरचा जोर माणसे मुबलक असताना वाढत असेल आणि टंचाईत ओसरत असेल, तर तो त्याच्या अंगच्या गुणाचा नसून बाजारातल्या बळाबळाचा होता. कला अशी प्लेगच्या साथीत नाहीशी होत नाही.

शास्त्राची पाळी आली ती पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक १९११मध्ये निघाले होते. त्यातले गाजलेले उदाहरण बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यातले: दिवसाला साडेबारा टन बिडाच्या लगडी उचलणारा मजूर घड्याळ लावून आखलेल्या पद्धतीने ४७ टनांवर गेला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दुपटीहून कमी. मुंबईत हा विचार आला तो टेलरच्या तपशिलासह नव्हे. आला तो त्यातल्या हिशेबापुरता. जपानी मालाशी टक्कर देताना खर्च कमी करणे भाग होते. १९२७च्या टॅरिफ बोर्डाच्या अहवालानेही कामगारांच्या कार्यक्षमतेवर बोट ठेवले. ससून गटाच्या गिरण्यांनी विणकराला दोनऐवजी तीन लूम आणि कताई खात्यातल्या कामगाराला साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू द्यायला सुरुवात केली. हिशेब सोपा आहे: सहाशे लूमना दोनप्रमाणे तीनशे विणकर लागतात, तीनप्रमाणे दोनशे. उरलेल्या शंभरांचे काय, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा हिशेब शास्त्र म्हणूनही अपुरा होता. विणकराने किती लूम सांभाळावेत हे त्याच्या हातापायांच्या चपळाईवर कमी आणि धागा किती वेळा तुटतो यावर जास्त ठरते. धागा तुटणे ठरते कापसाच्या तंतूच्या लांबीवर, मिश्रणावर, खळीवर, खात्यातल्या दमटपणावर आणि यंत्राच्या वयावर. यातली एकही गोष्ट विणकराच्या हाती नाही. सगळ्या गोष्टी कापूस खरेदी करणाऱ्या पेढीच्या आणि खाते चालवणाऱ्या मास्तरच्या हाती आहेत. लँकेशायरचा विणकर चार लूम चालवतो, जपानी मुलगी त्याहून जास्त चालवते, मग मुंबईकराला काय झाले, असे मालक विचारत. उत्तर त्यांच्याच गोदामात होते: आखूड धाग्याचा कापूस आणि वर्षानुवर्षे न बदललेली यंत्रे. जिथे कामगाराचे श्रम मोजले आणि मालकाचा कापूस मोजला नाही, तिथे घड्याळ कितीही अचूक असले तरी मोजमाप एका बाजूचेच राहते.

एप्रिल १९२८मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. अडाणी कामगारांचा सुधारणेला विरोध, असे त्याचे वर्णन तेव्हा झाले आणि आजही कुठे कुठे होते. पण संप समितीच्या सतरा मागण्या पाहिल्या तर दर, तास, माणसांची कपात आणि नियम बदलण्याआधी विचारणा असे चोख हिशेबी विषय त्यात आहेत. संप चालू असताना गिरणी मालक संघाने मजुरीच्या दरांचे प्रमाणीकरण पुढे केले. त्यातच विणकरांच्या मजुरीत साडेसात टक्क्यांची कपात बसवलेली होती. संप मिटला तो वाद चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीकडे सोपवून. तिच्यापुढे पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी आकडे मांडले आणि एकमेकांचे आकडे खोडले. इकडे गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेर पन्नास हजारांच्या पुढे गेले आणि तिच्या गिरणी समित्या तक्रारी थेट मॅनेजरकडे नेऊ लागल्या. जॉबरच्या कलेला पहिला खरा तडा गेला तो घड्याळामुळे नव्हे, या समित्यांमुळे.

पुढच्या वीस वर्षांत जॉबरच्या हातातले एकेक काम निघत गेले. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१मध्ये भरती त्याच्याकडून काढून घ्यावी अशी शिफारस केली. १९३४च्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५पासून बदली कामगारांना कार्डे देऊन रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरण्याची पद्धत सुरू झाली. १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्यानंतर दरांचे प्रमाणीकरण न्यायालयाच्या निवाड्याने झाले, आणि १९५०मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आली. जे काम कलेशिवाय होणारच नाही म्हणून सांगितले जाई, ते कार्ड आणि नोंदवहीने होऊ लागले. गिरण्या त्यामुळे बंद पडल्या नाहीत.

मग शेवटी शास्त्रच जिंकले, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर अहमदाबादेत आहे. कॅलिको गटाच्या गिरणीत स्वयंचलित लूमच्या एका खात्यात २२४ लूम आणि २९ कामगार होते. काम शास्त्रशुद्ध मोजून बारा प्रकारच्या कामांत वाटलेले. तरी उत्पादन अपेक्षेइतके येईना. १९५३मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी ठरावीक लूमचा पूर्ण भार एकेका लहान गटाने उचलावा, अशी कल्पना मांडली. कामगारांनी स्वतःच आपापले गट जुळवले. काम सुधारले, खराब कापड कमी झाले. १९७०च्या सुमारास पुन्हा पाहणी झाली तेव्हा काही ठिकाणी ही रीत टिकली होती, काही ठिकाणी जुने वळण परतले होते. म्हणजे हेही कायमचे सूत्र नव्हते. पण यात मापे कामगारांपासून लपलेली नव्हती आणि कामाची मांडणी त्यांनी केलेली होती, हा फरक मोलाचा.

वैद्यकही कला आणि शास्त्र दोन्ही आहे, मग व्यवस्थापनाचीच एवढी चिकित्सा कशाला, हा शेवटचा आक्षेप. फरक हा की वैद्याचे चुकले तर रोगी सांगतो. व्यवस्थापकाचे चुकले तर बहुतेक वेळा त्याचा अहवालही व्यवस्थापकच लिहितो. म्हणून परीक्षेतल्या प्रश्नाला आणखी एक वाक्य जोडले पाहिजे. मापे कोणी ठरवली आणि ती कोणाला तपासता येतात, हे सांगितल्याशिवाय व्यवस्थापन कला आहे की शास्त्र, हे ठरवताच येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत हे तपासणे संपाने, समितीने आणि न्यायालयाने सुरू केले; कुठल्याही मॅनेजरने आपण होऊन केले नाही.