कैद्याचा चेहरा, पहारेकऱ्याचे नाव

दुसऱ्या महायुद्धातील इटलीच्या मोहिमेची छायाचित्रे चाळताना एक दृश्य पुन्हा पुन्हा समोर येते. पकडलेले जर्मन सैनिक हात वर करून उभे आहेत किंवा रांगेने चालले आहेत. शेजारी बंदूक घेतलेला पहारेकरी आहे, आणि तो कधी कधी भारतीय असतो. दोस्तांच्या लष्करी छायाचित्रकारांची ही चित्रे सेन्सॉरच्या नजरेखालून वृत्तपत्रांकडे जात. हरलेला शत्रू लोकांना दिसावा, हा त्यांचा हेतू. आपण मात्र जरा त्या पहारेकऱ्याकडे पाहू.

इटलीत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन आठव्या डिव्हिजनमध्ये होती, तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये. तिसऱ्या बटालियनचा नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातील पळसगावचा. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे सोबती मशीनगनच्या माऱ्यात पडले. त्याने एकट्याने ते ठाणे काबीज केले आणि तिथेच गोळी लागून तो गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण ज्यांची कबर ज्ञात नाही अशांसाठी कॅसिनोला जे स्मारक आहे, त्यावर त्याचे नाव आहे. जिंकणाऱ्याची कबर नाही आणि हरलेल्याचा चेहरा मात्र चित्रात टिकला, असेही युद्धात घडते.

त्याच जुलैत अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद यांना कैदेत दोन वर्षे होत आली होती. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ तिथे लिहिला जात होता. अहमदनगरला जर्मन कैदी नवे नव्हते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले जर्मन नागरिक तिथल्या छावणीत आणून ठेवले होते. १९३९ मध्ये कराचीला पकडलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर देवळाली आणि डेहराडूनला जाण्याआधी तिथेच होता. नगर जिल्ह्यातल्याच निमजच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांतून बाहेर काढले, शत्रूची मशीनगन ठाणी गप्प केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. जर्मनांना कैद करणारा हा शिपाई स्वतः गुलाम देशाचा होता, आणि त्याच्याच जिल्ह्याच्या किल्ल्यात देशाचे पुढारी कोंडले गेले होते. ही विसंगती छायाचित्राच्या चौकटीत मावत नाही.

आता आरसा उलटा धरू. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती लागलेले हिंदी शिपाई बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत होते. तिथे भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, तर छावणीतले अधिकारी ओटो श्टील यांनी कैद्यांचे चेहरे टिपून १९१६ मध्ये ‘आमचे शत्रू’ अशा अर्थाच्या नावाने त्यांचे पुस्तकच काढले. तिथेही चेहरा नमुना म्हणून उभा राहिला, माणूस मागे पडला. कॅमेरा कोणाच्या हाती, एवढाच काय तो फरक.

१९२९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याला हिंसा आणि अपमान यांबरोबरच लोकांच्या कुतूहलापासूनही संरक्षण दिले होते. तरी अशी चित्रे छापली गेली, आणि ती आपण आज कुतूहलानेच पाहतो. ती पाहू नयेत असे नाही. त्यांच्यामुळेच तर मराठा शिपाई इटलीच्या चिखलात उभा होता, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा उरला. पण पाहताना दोघांनाही नाव होते, गाव होते, घरी पत्राची वाट पाहणारे कोणी होते, हे विसरू नये.

जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने गावात घाडगे यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारक उभे राहिले. इतक्या दूरच्या गावाने आपल्या नाईकाचे नाव जपले. आपल्या घरच्या ट्रंकेत लष्करी पोशाखातल्या एखाद्या आजोबाचे चित्र असेल, तर या दिवाळीत ते बाहेर काढावे, माहीतगार माणूस आहे तोवर विचारून घ्यावे आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव, पलटण लिहून ठेवावी. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते.