वळिवड्याची छावणी : मदतीचा एक धडा

कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर वळिवडे नावाचे छोटे स्टेशन आहे. त्याला लागूनच गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला किंवा दुकानाचा माल भरायला बेळगाव-निपाणीकडून तिथल्या घाऊक कापड पेठेत गेलेली घरे आपल्यात पुष्कळ असतील. पण ऐंशी वर्षांपूर्वी याच जागी सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धातील निर्वासितांसाठी उभारलेली ती छावणी होती. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलेली ही हकिकत स्मरणिकेच्या निमित्ताने सभासदांपुढे ठेवत आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर चाल केली आणि तो देश दोघांत वाटला गेला. रशियाच्या ताब्यात आलेल्या भागातून १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील जंगलांत पाठवण्यात आले. जंगलतोड, खाणी, सामूहिक शेती अशी कामे त्यांच्या वाट्याला आली. भूक, थंडी आणि रोगराईने असंख्य माणसे गेली. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा चित्र पालटले. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारने ३० जुलै १९४१ रोजी रशियाशी करार केला आणि या लोकांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश फौज उभी राहू लागली. १९४२ मध्ये ही फौज आणि तिच्या आसऱ्याने जमलेली बायकामुले अशी एक लाखाहून अधिक माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या किनाऱ्याला लागली.

फौज पुढे लढाईवर गेली. मागे राहिलेल्या बायका, म्हातारी माणसे आणि अनाथ मुले यांना कुठे ठेवायचे, हा प्रश्न उरला. काहींना पूर्व आफ्रिकेत नेले, काहींना मेक्सिकोत, काही मुलांना न्यूझीलंडला. काही हिंदुस्थानात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे शेकडो मुलांची सोय केली, ती गोष्ट आता बरीच प्रसिद्ध आहे. मोठी छावणी मात्र कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, पंचगंगेच्या खोऱ्यात वळिवड्याला झाली. छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते, गादीवर बालराजा होता. अशा काळात, १९४३ साली, ही छावणी सुरू झाली.

मी सरकारी नोकर. त्यामुळे कोणत्याही मदतकार्याची गोष्ट ऐकली की आधी मनात येते, खर्च कोणी केला आणि हिशेब कोणी ठेवला? वळिवड्याबाबत याचे उत्तर मोठे शिकण्यासारखे आहे. जागा कोल्हापूर संस्थानाची, परवानगी आणि व्यवस्था हिंदुस्थान सरकारची, खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारचा. पोलिश रेड क्रॉसही मदतीला होते. भाजी, दूध, कोंबड्या, अंडी विकायला आजूबाजूच्या गावांतली माणसे येत. म्हणजे एका राजाच्या औदार्यावर किंवा एका संस्थेच्या देणगीवर हे चालले नव्हते. चार हात लागले होते आणि प्रत्येकाचे काम ठरलेले होते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, तेव्हा या माणसांना वाली कोण, असा प्रसंग आला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने ती जबाबदारी उचलली. पैसे देणारा बदलला, पण छावणी उघड्यावर पडली नाही.

छावणीची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. कौलारू बैठ्या बराकी होत्या आणि त्यांत कुटुंबांना वेगवेगळी बिऱ्हाडे दिलेली होती. दवाखाना, चर्च, पोस्ट, नाटक-सिनेमाची जागा, मुलांची स्काउट पथके हे सगळे होते. अंतर्गत कारभार पोलिश लोकच पाहत. शिक्षक त्यांचे, परिचारिका त्यांच्या.

आणि शाळा! प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, हाताला काम शिकवणारे वर्ग, सगळे पोलिश भाषेतून. मुंबईहून त्यांचे पोलिश नियतकालिकही निघत असे. देश नकाशावरून पुसला गेलेला, घर कुठे आहे याचा पत्ता नाही, बाप लढाईवर. तरी मुलांचे शिक्षण आपल्या भाषेतून झाले पाहिजे, याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हते. आपल्या भाषेच्या शाळेचे मोल काय असते, हे सीमाभागातल्या मराठी घरांना वेगळे सांगायला नको. म्हणून मला वाटते, वळिवड्याची ही बाजू आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल.

आपला आणखी एक धागा या गोष्टीत आहे. छावणीतल्या अनेक बायकांचे नवरे, भाऊ आणि मुलगे अँडर्स यांच्या फौजेतून इटलीत लढत होते. त्याच इटलीत, त्याच आठव्या आर्मीत, मराठा पलटणीही होत्या. यशवंत घाडगे यांना १९४४ मधील आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इटलीतच. जाधवांनी शौर्य गाजवले त्या सेनियो नदीवरच्या चढाईत शेजारच्या आघाडीवर पोलिश फौज होती. मराठा रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात. म्हणजे इटलीच्या पत्राची वाट वळिवड्याच्या बराकीतली बाई पाहत होती, तशीच आपल्या खेड्यापाड्यांतली एखादी मावशीही पाहत होती.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे. पण त्याच १९४३ सालाकडे पाहिले की मान खाली जाते. ज्या वर्षी वळिवड्यात बराकी उभ्या राहत होत्या, त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे रस्त्यावर अन्नावाचून मरत होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. दुष्काळ पडल्यावर सरकारने काय करायचे, याचे नियमपुस्तक तेव्हा होते. पण बंगालात दुष्काळ रीतसर जाहीरच केला गेला नाही, आणि जाहीर नाही म्हणून नियम लागू नाहीत! स्वयंसेवी संस्थांनी अन्नछत्रे चालवली, देशभरातून वर्गणी गेली, पण ती कितीशी पुरणार?

यात पोलिश बायकामुलांचा काहीच दोष नव्हता. त्यांना मिळाले ते योग्यच मिळाले. प्रश्न असा की पाच हजारांना जे मिळाले ते लाखोंना का मिळाले नाही? पोलिश निर्वासितांची यादी होती, त्यांच्यासाठी बोलणारे सरकार होते, जबाबदारी घेतलेली माणसे होती. बंगालच्या खेड्यातल्या भूमिहीन मजुराची यादी कोणी केली नव्हती आणि त्याच्यासाठी लंडनमध्ये बोलायला कोणी नव्हते. मदत गरजेच्या मागून जाते असे आपण समजतो. पुष्कळदा ती कागदाच्या मागून जाते. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्या दारापर्यंत ती पोहोचत नाही. पुरानंतरच्या याद्या करणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. स्वतःच्या नावावर घर नसलेला भाडेकरू, ऊसतोडीला आलेले कुटुंब, एकटी म्हातारी, हेच नेमके गळतात.

१९४८ च्या सुमारास वळिवड्याची छावणी रिकामी झाली. काही माणसे पोलंडला परतली, पण पुष्कळांना बदललेल्या राजवटीत परत जायचे नव्हते. ती इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत गेली. बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेल्या कुटुंबांना तिथे आसरा मिळाला. रिकाम्या हाताने आलेल्या त्या लोकांनी व्यापार उभा केला आणि गांधीनगरची पेठ झाली. एका परागंदा समाजाने सोडलेले छप्पर दुसऱ्याच्या उपयोगी पडले, असा योग इतिहासात क्वचितच येतो.

पोलिश लोक कोल्हापूर विसरले नाहीत. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जुन्या रहिवाशांनी आपली संघटना काढली, आठवणींचा मोठा ग्रंथ तयार केला. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे आदरांजली वाहिली. खुद्द वळिवड्यातही सप्टेंबर २०१९ मध्ये स्मारकाचा कार्यक्रम झाला. त्याच्या एक महिना आधी पंचगंगा आणि कृष्णेच्या महापुराने कोल्हापूर, सांगली आणि आपला बेळगाव जिल्हा हवालदिल झाला होता. त्या वर्षी अनेक गणेश मंडळांनी रोषणाईचा खर्च कमी करून पूरग्रस्तांना मदत दिली, हे आपण पाहिले आहे.

तेव्हा जुन्या कपड्यांचे ढीगही पाहिले. देणाऱ्यांची भावना चांगली होती, पण पुरातून बाहेर आलेल्या बाईला हवे होते ते स्वच्छ अंथरूण-पांघरूण, चुलीपुरते भांडे आणि मुलांची वह्या-पुस्तके. वळिवड्याकडून शिकायचे ते हेच. समोरच्याला काय हवे ते त्यालाच विचारावे. वाटपात त्याच्याच वस्तीतली माणसे घ्यावीत. मुलांची शाळा आधी सुरू करावी. आणि फोटो काढून झाल्यावरही कोणीतरी हिशेबाची वही घेऊन तिथे थांबावे.

आपल्या मंडळाने वर्गणीतला थोडा भाग दरवर्षी आपत्तीसाठी बाजूला ठेवावा, आणि पावसाळ्याआधीच वस्तीवस्तीतल्या एकट्या-दुकट्या, भाडेकरू, मजूर घरांची यादी करून ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. त्या यादीला फारसा खर्च नाही. चार रविवार आणि चालणारे दोन-चार कार्यकर्ते पुरेत. विघ्न येण्याआधी केलेली ही तयारीसुद्धा विघ्नहर्त्याची सेवाच आहे.

गणपती बाप्पा मोरया!