शाळेमागे निघालेले बिऱ्हाड

जूनमध्ये पहिले पाऊस होऊन गेले, की वेल्ह्याहून नसरापूरकडे येणाऱ्या एस.टी.त एक देखावा हमखास पाहावयास मिळतो. टपावर किंवा मागच्या बाकाशी तांदळाचे अर्धे पोते, वाकळांची वळकटी, गॅसची शेगडी, आणि या साऱ्या पसाऱ्यात पाठीला दप्तर अडकवून बसलेली दोन-तीन मुले. सोबत त्यांची आई. लग्नाला किंवा देवाला निघालेली ही मंडळी नव्हेत. मुलांच्या शाळेसाठी गावचे घर सोडून नसरापूर, भोर, धायरी किंवा नऱ्हे येथे ती बिऱ्हाड थाटण्यास निघालेली असतात. या भागात त्याला ‘खोली केली’ असे म्हणतात. या दोन शब्दांमागे बराच मोठा इतिहास आहे आणि तो कोणत्याही बखरीत सापडत नाही.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचे, सह्याद्रीला खेटून असलेले तालुके. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे ही त्यांची जुनी नावे. हा बहुतेक मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे. संस्थानाने आपल्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी किल्ल्यांची नावे दिली होती. तेव्हा वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतलेला निर्णय पुष्कळांना नवा वाटला, तरी ते नाव जुनेच आहे.

संस्थानी काळात शाळेला जायचे म्हणजे भोरला जायचे. राजवाडा, कचेरी आणि वरच्या इयत्तांची शाळा राजधानीत होती. राजा रघुनाथराव विद्यालय त्या काळाची आठवण आजही नावात वागवते. मात्र डोंगरातील मुलाने भोरमध्ये राहायचे कोठे? ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलाला ते दार बंद होते. ही अडचण महाराष्ट्रात प्रथम ओळखली ती वसतिगृहे काढणाऱ्यांनी. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे बोर्डिंग सुरू केले. शाळा घराजवळ येत नसेल तर मुलाला शाळेजवळ न्यावे, घर मात्र जागच्या जागी राहावे, हा त्यामागचा विचार. मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलेल्या आमच्या वाचकांच्या वडीलमंडळींना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. पुढील दशकांत वाडीवस्तीवर शाळा पोहोचली. कधी देवळात, कधी कोणाच्या पडवीत वर्ग भरला, मग कौलारू खोली उभी राहिली. रायरेश्वराच्या पठारावर जाण्यासाठी लोखंडी शिडी चढावी लागते, तरी तेथेही जिल्हा परिषदेची शाळा भरली. या कामगिरीचे आम्हांला आजही मनापासून कौतुक वाटते.

त्या पिढीत घर सोडी तो पुरुष. तो मुंबईला गिरणीत किंवा गोदीत जाई. बायको-मुले गावी राहत आणि मुले गावच्या शाळेत शिकत. भाकरीसाठी बाप दूर, शाळेसाठी मुले जवळ, अशी ती विभागणी होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर ती मोडू लागली. पुण्याभोवती कारखाने आणि बांधकामे वाढली होती. सातारा रस्त्यालगत खोली घेऊन राहणे गावकऱ्याच्या आवाक्यात आले. त्याच सुमारास इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या नसरापूर-कापूरहोळच्या रस्त्यावर फिरू लागल्या. आता गाव सोडण्याचे कारण बापाची नोकरी नव्हे, मुलाची इयत्ता होऊ लागले. आधी आई मुलांना घेऊन निघते आणि बाप शेताची आवराआवर करून मागाहून येतो.

धरणांनीही यात हात घातला आहे. वेळवंडीवर १९२८ च्या सुमारास पूर्ण झालेले भाटघर, आंबी नदीवरचे पानशेत, मग वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. पानशेत म्हटले की १२ जुलै १९६१ चा पुण्याचा पूर आठवतो. धरणाच्या वरच्या अंगाला काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. समोरासमोरची गावे पाण्याने तोडली. ज्या शाळेला पायवाटेने अर्ध्या तासात जाता येई, ती आता जलाशयाला वळसा घालून गाठावी लागते.

याच डोंगरातील चांदर गावच्या शाळेत २०१८ साली एकच विद्यार्थी असल्याचे वृत्तपत्रांत छापून आले होते. त्या एका मुलासाठी शिक्षक रोज दुचाकीवरून खडतर वाट तुडवीत येत. पुष्कळांना ती कथा स्फूर्तिदायक वाटली. आम्हांला मात्र त्या मुलाचेच वाईट वाटले. पाढे म्हणायला जोडीदार नाही, मधल्या सुटीत भांडायला कोणी नाही.

अमेरिकेतील आपले नातेवाईक घर घेताना आधी शाळा पाहतात, हे आपण ऐकतो. तेथील सरकारी शाळेचा बराचसा खर्च त्या-त्या भागातील घरपट्टीतून चालतो. त्यामुळे श्रीमंत उपनगराची शाळा श्रीमंत असते आणि तिच्या हद्दीतील घर महाग असते. डेट्रॉइट शहरातील आणि उपनगरांतील मुलांना एकत्र शिकवावे, ही योजना १९७४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्यामुळे शहराची शाळा आणि उपनगराची शाळा यांमधील भिंत पक्की झाली.

आपल्याकडे तशी भिंत नाही. गुरुजींचा पगार चांदरला आणि धायरीला एकाच नियमाने ठरतो, पाठ्यपुस्तक एकच असते. म्हणून भोर-वेल्ह्यात दोन शाळांमध्ये फरक पाडतो तो पैशापेक्षाही पट. पट घटला की शिक्षक कमी होतात आणि दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसतात. ते पाहून उरलेल्यांपैकी ज्याला परवडते तो खोली करतो, आणि पट आणखी घटतो. कोणताही बाप गावची शाळा बंद पाडण्यासाठी घर सोडत नाही. तो आपल्या लेकराचे पाहतो आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही, कारण आम्हीही तेच केले असते. पण शेवटी गावात राहतात ती ज्यांना जाणे परवडत नाही त्यांची मुले: कातकऱ्यांची, भूमिहीनांची, विधवांची. निवड एकाची, परिणाम दुसऱ्यावर, हे या इतिहासातील खरे दुःख आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरले. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे परिपत्रक काढले. त्यात नंदुरबारमधील तोरणमाळबरोबर ज्या शाळेचा दाखला दिला, ती पानशेतची. म्हणजे राज्यापुढे ठेवलेला हा नमुना वेल्ह्यातलाच. मुलांना सोबती मिळतात, प्रत्येक वर्गाला गुरुजी मिळतात, ग्रंथालय आणि मैदान मिळते, हे नाकारून चालणार नाही. आठवीच्या मुलाने गाडीने जावे, बोर्डिंगात राहावे. आमची हरकत नाही. पण सहा वर्षांच्या पोरीने आषाढातल्या पावसात घाटरस्त्यावर गाडीची वाट पाहत उभे राहावे, हे आमच्या मनाला पटत नाही. शिवाय वाडीतली शाळा एकदा बंद झाली, की तेथे नव्याने घर बांधायला कोण येईल?

उलटी उदाहरणेही याच जिल्ह्यात आहेत. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची बंद पडण्याच्या बेतात असलेली शाळा २०२५ साली जगातील उत्तम शाळांच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली. तेथे पालक शाळेकडे आले. मात्र ती गावे सपाटीवरची, रस्त्यालगतची आहेत. तोरण्याच्या पायथ्याशी तसे घडण्यास गुरुजींबरोबर पूल आणि रस्ताही लागेल.

मागे एकदा त्या एस.टी.त आमच्या शेजारी तांदळाचे पोते सांभाळीत एक बाई बसल्या होत्या. थोरली नववीत, धाकटा पहिलीत. गावी सासूबाई एकट्या होत्या. “ताई, परत कधी जाणार?” आम्ही विचारले. “थोरलीची धाव्वी झाली की,” त्या चटकन म्हणाल्या. मग धाकट्याकडे पाहून त्यांनी बोटांवर काही मोजले आणि खिडकीची काच वर ओढून घेतली.