मजकुरांतर्गत जाहिरात

संकेतस्थळावरील लेखाच्या शब्दांनाच दुवा जोडून दाखविली जाणारी जाहिरात. २००० मध्ये स्थापन झालेल्या व्हायब्रंट मीडियासारख्या कंपन्यांनी दुहेरी अधोरेखित शब्दावर माउस नेताच उघडणारी चौकट रूढ केली. मराठीत मात्र ‘संकेश्वर’ या गावाच्या नावाचे ‘संकेश्वराला’, ‘संकेश्वरात’ असे रूपांतर होत असल्याने (पहा : सामान्यरूप) नेमका शब्द जुळविणे अवघड जाते, शिवाय कर्नाटकातील संकेश्वर–निपाणी पट्ट्यात वाचकाच्या भाषेऐवजी त्याचे स्थान पाहून जाहिरात निवडली गेल्यास मराठी बातमीत कन्नड जाहिरात अवतरू शकते. वाचक अशा जाहिराती नजरेआड करतात किंवा २००६ पासून उपलब्ध असलेल्या ॲडब्लॉक प्लससारखी जाहिरातरोधके (पहा : ब्राउझर) वापरतात. भारतात २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रच्छन्न जाहिरातीस, म्हणजे मजकुराचा वेष घेतलेल्या जाहिरातीस, ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला चकविणारी रचना) ठरविले आहे.