दुष्काळ, दरोडा आणि शस्त्रबंदी

नवी मुंबईलगतच्या पनवेल तालुक्यातील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मग्राम होय. त्यांच्या १८७९ च्या उठावाची पूर्वपीठिका ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कर्जबाजारी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. पुढे १८७६-७८ चा दुष्काळ पडला. १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे एतद्देशीयांस गुन्हा ठरविले. युरोपीयांस मात्र त्यातून सूट होती. तथापि १८७९ च्या फेब्रुवारीत दरोड्यांस आरंभ झालाच, आणि मे महिन्यात दौलतराव नाइकांच्या टोळीने पनवेलनजीकचे पळस्पे लुटले. फडक्यांचा हेतू राजकीय होता. त्यांस रामोशी साथीदार लाभले, त्यामागे मात्र दारिद्र्याचा मोठा वाटा होता. शस्त्रबंदी साधनास आवर घालू शकते, कारणास नव्हे. त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जापासून संरक्षण देणारा कायदा करून सरकारने हे एका अर्थी मान्यच केले. एकाच कृत्यास दप्तरात ‘दरोडा’ आणि लोकस्मृतीत ‘बंड’ म्हटले गेले. यांपैकी कोणताही शब्द स्वीकारण्यापूर्वी अभ्यासकाने त्या वर्षीचे पीकपाणी व कर्जरोखे अवश्य तपासावेत.