सणातले पाच पौंड कुणी मोजले?

संशोधनासाठी विषय शोधताय? मग सगळ्यांना 'माहीत' असलेली एखादी गोष्ट धरा आणि विचारा, हे कुणी मोजलंय का?

थँक्सगिव्हिंगपासून नवीन वर्षापर्यंत माणसाचं वजन सरासरी पाच पौंडांनी, म्हणजे सव्वादोन किलोंनी वाढतं, असं अमेरिकेत सर्रास छापून यायचं. मोजमाप मात्र फारसं कुणी केलेलं नव्हतं. जॅक यानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ते केलं. १९५ प्रौढांचं वजन त्यांनी सणांच्या आधी, सणांच्या काळात आणि नंतर घेतलं. सोबत रक्तदाब आणि नाडीही मोजली. वजनावरच नजर आहे हे कळलं, तर लोक जपून खातील ना!

निकाल २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. सणांच्या काळातली सरासरी वाढ होती फक्त ०.३७ किलो. पण सहभागी लोकांना स्वतःला वाटत होतं, आपण १.५७ किलोंनी वाढलो. म्हणजे चौपट! नुसत्या प्रश्नावलीवर विसंबून अभ्यास केला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं तर वाढतं, मग खा बिनधास्त. थांबा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा वजन घेतलं, तेव्हा हे लोक आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपेक्षा सरासरी ०.४८ किलोंनी जड होते. सणात वाढलेलं वजन उतरलंच नव्हतं. दरवर्षी असंच होत राहिलं तर दहा वर्षांत काय होईल, हा हिशोब तुम्हीच करा. यानोव्स्कींनी जानेवारीतच काम आटोपलं असतं तर ही गोष्ट निसटली असती.

पुढचा प्रश्न होता, हे थांबवता येतं का? इंग्लंडमध्ये फ्रान्सेस मेसन आणि सहकाऱ्यांनी २७२ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला उपास करायला लावलं नाही. आठवड्यातून दोनदा तरी वजन करून लिहून ठेवा, एवढं सांगितलं. सोबत खाण्यापिण्याच्या साध्या सूचना आणि नाताळचा कुठला पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल याचा तक्ता दिला. दुसऱ्या गटाला फक्त एक माहितीपत्रक. २०१८ साली 'बीएमजे'मध्ये आकडे आले: पहिला गट सरासरी ०.१३ किलोंनी घटला, दुसरा ०.३७ किलोंनी वाढला. तिन्ही उपाय एकत्र दिले होते, त्यामुळे नेमका कुठला लागू पडला हे यातून कळत नाही. तुमच्या आराखड्यात हा मुद्दा आधीच लक्षात घ्या.

आणि हो, ०.३७चा आकडा उचलून आपल्या चकली-करंजीच्या डब्यावर चिकटवू नका. सण वेगळे, माणसं वेगळी. दिवाळीचा आकडा हवा असेल तर दसऱ्याला वजन घ्या, तुळशीच्या लग्नानंतर घ्या आणि कंटाळा न करता होळीलाही घ्या. वाढलेलं वजन टिकलं की उतरलं, हे त्या तिसऱ्या मोजणीतच कळेल.