शिवणपेटीवरचा ड्रॅगन

युद्धानंतर, १९४७ साली, जपानी शाळांत गृहशास्त्र आलं. प्राथमिकच्या पाचवी-सहावीत तेव्हापासून मुलगे-मुली ते एकत्रच शिकतात. वरच्या वर्गांत मात्र हा नवेपणा टिकला नाही. १९६२ पासून माध्यमिक शाळेत मुलगे करवत-रंधा घेऊन एका खोलीत, मुली सुईदोरा घेऊन दुसऱ्या खोलीत. १९७३ पासून तर त्यापुढच्या हायस्कूलच्या प्रत्येक मुलीला हा विषय सक्तीचा झाला. कारखाने जोरात होते. नवऱ्याने रात्रीपर्यंत राबावं, बायकोने घर बघावं, हा हिशेब शाळेने वेळापत्रकातच बसवून टाकला.

तोक्योतली माझी शेजारीण त्याच काळात शिकली. आता पंचाहत्तरीची आहे. युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, स्वतः बेतून शिवते. नवरा निवृत्त झाला तेव्हा त्याला राईस कुकरचं बटणही ठाऊक नव्हतं, हे ती अजून खवचटपणे सांगते.

शाळेतला हा भेद मोडायला स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या इचिकावा फुसाए यांच्यासारख्या बायका १९७४ पासून चिकाटीने मागे लागल्या होत्या. पण सरकार हललं ते स्त्रियांविषयीचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८५ साली मान्य करायची वेळ आली तेव्हा. मुलींनाच सक्ती हा उघड भेदभाव ठरत होता. तरी प्रत्यक्षात मुलगे वर्गात येऊन बसले ते माध्यमिकमध्ये १९९३ला आणि हायस्कूलमध्ये १९९४ला.

आमचा मुलगा पाचवीत गेला तेव्हा शाळेतून शिवणपेट्यांचं रंगीत पत्रक आलं. त्याने काळी, सोनेरी ड्रॅगनवाली निवडली; वर्गातल्या निम्म्या मुलग्यांची तीच! मग वर्गात धावदोरा, उलटी टीप, बटण लावणं, आणि काचेच्या पातेल्यात भात, म्हणजे पाणी कधी आटतं ते दिसतं. साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओवर म्हणाल्या, "शिंप्याकडे ठेवणार आहेस का गं त्याला?" गंमत अशी, की आपल्याकडे शिंपी बहुतेक पुरुषच, पण घरातलं तुटलेलं बटण बाईनेच लावायचं.

सहा वर्षांखालचं मूल असलेला जपानी नवरा घरकाम आणि मुलांसाठी १९९६ साली दिवसाला ३८ मिनिटं देत होता, २०२१ साली १ तास ५४ मिनिटं. बायकोची २०२१ मध्येही ७ तास २८ मिनिटं जात होती. शेजारणीचा मुलगा एकत्र शिकलेल्या पहिल्या काही तुकड्यांतला. त्याला मिसो सूप येतं, इस्त्री येते. ऑफिसातून घरी येतो रात्री साडेनऊला.